सोयरीक चेतापेशींची: वाचकांचे प्रश्न

मेंदूची जडणघडण या विषयावर नाशिक जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी पाच या वेळी घेतली आहेत. मराठी पुस्तकांत सायनॅप्सला चेतासंधी किंवा संपर्कस्थान म्हणतात. आम्ही सायनॅप्सच म्हणू, कारण दवाखान्यात आणि क्लासमध्ये कानावर तोच शब्द पडतो. दोन चेतापेशी भेटतात ती ही जागा. तशा त्या एकमेकींना टेकत नाहीत, मध्ये साधारण 20 नॅनोमीटरची फट असते. अलीकडच्या टोकाने रसायन सोडायचं आणि पलीकडच्या रिसेप्टरांनी ते झेलायचं, एवढाच व्यवहार.

क्लासमध्ये सायनॅप्सवरून संदेश कसा जातो ते शिकवलं. पण गर्भात असताना तो लांब धागा नेमक्या पेशीपर्यंत पोचतो कसा? हे पुस्तकात नाही.
(बारावीची विद्यार्थिनी, कॉलेज रोड)

धाग्याचं, म्हणजे अक्षतंतूचं, वाढतं टोक डोळ्यासमोर आण. हाताच्या पंजासारखा पसरलेला तो भाग म्हणजे ग्रोथ कोन. स्पेनच्या रामोन इ काहालने तो 1890 मध्ये वर्णन केला, तोही मेलेल्या, रंगवलेल्या कापांवरून. या पंजाची बोटं सतत बाहेर येतात आणि आत जातात. बोटांमध्ये ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे तंतू असतात. बोटाला आवडती खूण लागली की तिथलं ॲक्टिन टिकतं, मागून सूक्ष्मनलिका येऊन तो भाग पक्का करतात आणि धागा त्या बाजूला वळतो. नावडती खूण लागली की त्या बाजूची बोटं कोसळतात. हा प्रवास सावकाश चालतो, दिवसाला जेमतेम एखादा मिलिमीटर.

खुणा काही जवळच्या असतात, काही लांबून येणाऱ्या. मज्जारज्जूतलं उदाहरण घे. तिथले काही धागे शरीराची मध्यरेषा ओलांडून पलीकडे जातात. मध्यरेषेवरच्या पेशी नेट्रिन सोडतात, त्या ओढीने धागे येतात. त्याच पेशी स्लिटही सोडतात, आणि ते धाग्यांना लोटून देणारं रसायन आहे. मग धागा मध्यरेषेपर्यंत येतोच कसा? ओलांडण्याआधी त्याला स्लिटची जाणीव जवळजवळ बंद असते. ओलांडल्यावर स्लिट ओळखणारा रोबो हा रिसेप्टर पृष्ठभागावर वाढतो आणि तीच जागा नकोशी होते. म्हणून धागा पुन्हा उलटा येत नाही. खूण तीच, वाचणारा बदलला.

नेमका पत्ता कसा कळतो यावर रॉजर स्पेरी या अमेरिकी शास्त्रज्ञाने बेडकांवर केलेला प्रयोग आजही सगळ्यांत बोलका आहे. त्याने डोळ्याची मज्जा कापली आणि डोळा 180 अंशांत फिरवून बसवला. बेडकाची मज्जा पुन्हा वाढते. वाढल्यावर बेडकाला दिसू लागलं, पण माशी वर असली की तो खाली झेप घ्यायचा. कितीही वेळा चुकला तरी सुधारला नाही. याचा अर्थ प्रत्येक धागा डोळा फिरवण्याआधीच्या आपल्या जुन्याच पत्त्यावर गेला होता. पत्ता अनुभवाने ठरला नव्हता, रसायनांनी लिहिलेला होता. ती रसायनं पुढे सापडली. त्यांतलं एक कुटुंब म्हणजे एफ्रिन. डोळ्याचे धागे मेंदूच्या ज्या भागात (टेक्टममध्ये) पोचतात, तिथे ते एका टोकाला कमी आणि दुसऱ्या टोकाला जास्त, असं उतरत्या प्रमाणात असतं. धाग्यावरचे रिसेप्टरही असेच कमीजास्त असतात, त्यामुळे जो धागा एफ्रिनला जास्त बुजतो तो अलीकडेच थांबतो.

पोचल्यावर सायनॅप्स लगेच होतो का, हा तुझा पुढचा प्रश्न असेलच. होतो आणि होत नाही. काचेच्या बशीत चेतापेशी आणि स्नायूपेशी शेजारी वाढवल्या तर स्पर्शानंतर काही मिनिटांतच संदेश पलीकडे गेलेला मोजता येतो. पण तो कच्चा असतो, पक्का व्हायला आठवडे लागतात. स्नायूवर हे सगळ्यांत स्वच्छ दिसतं. चेतापेशीचं टोक ॲग्रिन हे प्रथिन सोडतं, स्नायूवरचं एलआरपी4 ते पकडून मस्क नावाच्या एन्झाइमला जागं करतं, आणि रॅप्सिन या प्रथिनाच्या मदतीने ॲसिटिलकोलीनचे (स्नायूला संदेश देणाऱ्या रसायनाचे) रिसेप्टर टोकासमोर गोळा होतात. सुरुवातीला स्नायूच्या एका चौरस मायक्रोमीटरमध्ये साधारण हजारभर रिसेप्टर असतात. पक्क्या सायनॅप्सवर ते 10,000 च्या वर जातात आणि शेजारच्या मोकळ्या भागात दहाही उरत नाहीत. रिसेप्टरचा एक भागही बदलला जातो: गर्भातला गॅमा जातो, एप्सिलॉन येतो.

मेंदूतल्या सायनॅप्समध्ये आणखी एक गंमत आहे. नव्या सायनॅप्सवर पुष्कळदा फक्त एनएमडीए जातीचे रिसेप्टर असतात, आणि त्यांच्या तोंडात मॅग्नेशियमचा बूच बसलेला असतो. ग्लुटामेट, म्हणजे इथला संदेश नेणारं रसायन, आलं तरी दार उघडत नाही. याला मुका सायनॅप्स म्हणतात. पेशी इतर मार्गांनी उत्तेजित असतानाच ग्लुटामेट आलं तर बूच निघतो, कॅल्शियम आत येतं, आणि त्यानंतर एएमपीए जातीचे रिसेप्टर बसवले जातात. मग सायनॅप्स एकट्याने बोलू शकतो. प्रवेश परीक्षेत हे विचारणार नाहीत, पण पुढचे सगळे प्रश्न यावरच उभे आहेत.

मुलांच्या मेंदूत सायनॅप्सची छाटणी होते असं वाचलं. आमच्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी असते. मेंदूतली यांपैकी कशासारखी?
(द्राक्ष बागायतदार, पिंपळगाव बसवंत)

दोन्हींसारखी नाही, असं आमचं मत आहे, आणि छाटणी हा शब्दच इथे थोडा फसवतो. खरड छाटणीत ओलांड्यावर एकदोन डोळे राखून अख्खी काडी जाते. मेंदूत या टप्प्याला पेशी तशीच राहते, तिच्या हजारो जोडण्यांपैकी काही सुटतात. त्यापेक्षा जवळचं आहे ते तुमचं थिनिंग. घडातले काही मणी काढले की उरलेले फुगतात. सायनॅप्सच्या विरळणीत हेच होतं, फक्त कात्री धरणारा कोणी नसतो. मणी आपापसांतच ठरवतात असं समजा.

उंदराच्या पिल्लाच्या स्नायूवर हे प्रत्यक्ष पाहिलं गेलं आहे. जन्माच्या वेळी एकेका स्नायूतंतूवर एकाहून जास्त चेतापेशींचे फाटे बसलेले असतात. साधारण दोन आठवड्यांत प्रत्येक तंतूवर एकच उरतो. फाटे चमकते करून त्याच पिल्लाचा तोच तंतू रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा दिसलं ते असं: दोन फाटे आधी एकमेकांत मिसळलेले. मग एकेकाची जागा वेगळी होते. एकाची जागा थोडी थोडी करून दुसऱ्याकडे जाते. हरणारा बारीक होतो, त्याच्या टोकाला गोळा येतो, तो मागे सरकतो, आणि सरकताना गळालेले तुकडे चेतातंतूंना लपेटून असलेल्या श्वान (Schwann) पेशी गिळून टाकतात. जिंकणारा रिकामी जागा व्यापून जाड होतो.

आता खरी मजा. जिंकत आलेला फाटा लेझरने जाळला, तर मागे जाणारा, म्हणजे जवळजवळ हरलेला फाटा उलटा वळतो आणि सगळी जागा घेतो. तो अशक्त म्हणून हरत नव्हता, शेजारी होता म्हणून हरत होता. घडाशी तुलना इथपर्यंतच चालते, कारण काढलेला मणी परत येत नाही.

मेंदूत सफाई करायला मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. रक्तात जंतूंवर खूण करणारी सी1क्यू आणि सी3 ही पूरक प्रथिनं इथे कमी वापरल्या गेलेल्या सायनॅप्सवर बसतात आणि मायक्रोग्लिया खूण केलेला भाग गिळतात. माणसाच्या दृष्टीच्या भागात सायनॅप्सची दाटी वयाच्या आठव्या महिन्याच्या आसपास सगळ्यांत जास्त असते. तिथून अकराव्या वर्षापर्यंत साधारण 40 टक्के कमी होतात. कपाळामागच्या, निर्णय घेणाऱ्या भागात ही विरळणी उशिरा सुरू होऊन पौगंडावस्था ओलांडेपर्यंत चालते. एकाच मेंदूत सगळ्या प्लॉटची तारीख एक नसते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

माझी मुलगी चार वर्षांची. शाळेतल्या तपासणीत डावा डोळा आळशी आहे असं निघालं. डॉक्टरांनी चष्मा दिला आणि चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी सांगितली आहे. ती पट्टी ओढून काढते. दिवसभर लावली तर लवकर सुधारेल का? आणि दोष डाव्या डोळ्यात असताना झाकायचा उजवा का?
(आई, इंदिरानगर)

आधी शेवटचा भाग. आळशी डोळ्यात, म्हणजे ॲम्ब्लिओपियात, डोळा बहुतेक वेळा धडधाकट असतो. अडचण मेंदूतल्या जोडण्यांची असते. दोन्ही डोळ्यांकडून आलेले धागे मेंदूच्या मागच्या भागात एकाच पेशींसाठी झगडतात, वर पिंपळगावच्या उत्तरात आहे तसेच. एका डोळ्याचा नंबर जास्त असेल किंवा तो तिरळा असेल, तर त्याचं चित्र धूसर किंवा न जुळणारं येतं आणि तो जागा गमावतो.

डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी 1960 च्या दशकात मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा शिवून हे दाखवलं. काही आठवड्यांनी टाके काढले तर दृष्टीच्या भागातल्या जवळजवळ सगळ्या पेशी आधीपासून उघड्या राहिलेल्या डोळ्यालाच उत्तर देत होत्या. पिल्लू चौथ्या आठवड्यात असताना तीनचार दिवसांची झाकणही पुरत होती. तिसरा महिना संपल्यावर मात्र परिणाम होत नव्हता, आणि मोठ्या मांजरीचा डोळा वर्षभर बंद ठेवूनही काही बिघडलं नाही. दोन्ही डोळे एकदम झाकले तर नुकसान अंदाजापेक्षा कमी झालं, कारण झगडाच नव्हता. या कामाला 1981 चा नोबेल मिळाला.

म्हणून चांगला डोळा झाकायचा: शेजाऱ्याला थोडा वेळ गप्प बसवलं की हरणाऱ्याला जागा मिळते. माणसात ही खिडकी मांजरीपेक्षा खूप लांब असते. सात वर्षांच्या आत उपचार सगळ्यांत चांगले लागू पडतात, पुढेही काही मुलांना फायदा होतो. चार हे उत्तम वय आहे.

आता पट्टी. तीन ते सात वर्षांच्या मुलांवरच्या चाचण्यांत मध्यम दोषासाठी (अक्षरांच्या तक्त्यावर साधारण 6/12 ते 6/24) रोज दोन तास आणि रोज सहा तास यांचा परिणाम सारखाच निघाला. तीव्र दोषात सहा तास आणि जवळजवळ दिवसभर यांतही फरक पडला नाही. त्यामुळे सांगितल्यापेक्षा जास्त लावू नका. चांगला डोळा फार वेळ झाकून ठेवला तर, क्वचित का होईना, त्याचीच नजर उतरू शकते. दर भेटीत दोन्ही डोळे तपासतात ते याचसाठी.

चष्मा दुय्यम समजू नका. दोन डोळ्यांच्या नंबरात फरक असलेल्या साधारण चौघांपैकी एका मुलाचा दोष नुसत्या चष्म्याने जातो, आणि ही सुधारणा काही महिने चालू राहते. बरेच डॉक्टर म्हणूनच आधी चष्मा देऊन थांबतात. तुमच्याकडे दोन्ही एकदम सुरू झालं असेल तर त्यामागे काही कारण असेल, पुढच्या भेटीत विचारा.

घरी चुकतं ते बहुतेक असं. पट्टी चष्म्याच्या काचेवर लावली जाते आणि मूल नाकाच्या बाजूने चांगल्या डोळ्यानेच पाहतं. ती थेट कातडीवर, चष्म्याच्या आत हवी. लावताना दोन्ही कडा दाबून बघा, फट राहता कामा नये. दुसरी चूक म्हणजे ती झोपेच्या वेळात लावणं. झोपेत डोळा काम करत नाही, ते दोन तास धरायचे नाहीत. तिसरी, सगळे तास एका दमात करून घेण्याचा हट्ट. एक तास सकाळी, एक संध्याकाळी चालतं. त्या वेळात जवळचं काम द्या: मणी ओवणं, रंगवणं, तांदळातले खडे वेचणं. पहिले काही दिवस ती धडपडेल, कारण तिला खरोखरच कमी दिसत असतं. जिन्याजवळ आणि रस्त्यावर पट्टी नको.

काढताना कातडी सोलते म्हणून मुलं जास्त रडतात. कोमट पाण्याने पट्टी भिजवा किंवा कडेला खोबरेल लावून सावकाश काढा. तेल नंतर धुवा, नाहीतर उद्या पट्टी चिकटणार नाही. इतकं करूनही ती ठेवतच नसेल तर डॉक्टरांना सांगा. चांगल्या डोळ्यात 1 टक्का ॲट्रोपिनचा थेंब टाकून त्याची जवळची नजर धूसर करायची हाही पर्याय आहे, आणि मध्यम दोषात तो पट्टीच्या तोडीचा ठरतो. थेंब मनाने आणू नका. चुकून पोटात गेले तर लहान मुलाला ते विषारी आहेत.

नजर सुधारली की पट्टी एकदम बंद करायची नाही. सहाआठ तास लावणाऱ्यांना आधी दोन तासांवर आणतात. बंद केल्यावर पहिल्या वर्षात नजर पुन्हा उतरू शकते, तेव्हा तपासण्या चुकवू नका. आणि धाकटं भावंड असेल तर त्याचेही डोळे दाखवा.

नातवासाठी मेंदूतले सायनॅप्स वाढवणारी पावडर जाहिरातीत पाहिली. द्यावी का?
(आजोबा, जेल रोड, नाशिकरोड)

पैसे वाचवा. जास्त सायनॅप्स म्हणजे जास्त बुद्धी, हे गणितच चुकीचं आहे. फ्रॅजाइल एक्स या आनुवंशिक आजारात चेतापेशींवरचे काटे, म्हणजे सायनॅप्सच्या जागा, नेहमीपेक्षा दाट असतात, पण लांब, बारीक आणि कच्चे. त्या मुलांना शिकायला जड जातं. मुलाच्या मेंदूला जे खरंच लागतं ते स्वस्तात मिळतं: आयोडीनयुक्त मीठ, लोह कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोह, झोप, आणि त्याच्याशी बोलणारी माणसं. त्या बोलण्याचा उपयोग व्हायला कान हवेत. घरात नवं बाळ येणार असेल तर ऐकण्याची चाचणी एका महिन्याच्या आत, शंका आल्यास बेरा (आवाजाला मेंदूतून येणारा प्रतिसाद मोजणारी) तपासणी तीन महिन्यांच्या आत, आणि दोष निघाल्यास सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू, हे वेळापत्रक पाळा. ऐकण्याच्या जोडण्यांनाही खिडकी असते आणि ती बोलणं उशिरा आलं म्हणून थांबत नाही.

प्रकल्पासाठी उंदराच्या 18 दिवसांच्या गर्भातल्या हिप्पोकॅम्पसच्या पेशी वाढवतो आहोत. पेशी चिकटतात, धागेही येतात, पण आठव्या दिवशी रंगवल्यावर सायनॅप्स जवळजवळ दिसत नाहीत. मागच्या खेपेला तर पेशींचे पुंजके झाले. काय चुकतं?
(एम.एस्सी. विद्यार्थिनी, गंगापूर रोड)

आठवा दिवस लवकर आहे. अशा पेशींत पहिल्या दोन दिवसांत अक्षतंतू ठरतो, चौथ्या दिवसानंतर वृक्षिका, म्हणजे संदेश घेणारे फाटे, वाढतात, सातव्याच्या आसपास पहिले सायनॅप्स दिसू लागतात, आणि काटे असलेले पक्के सायनॅप्स तिसऱ्या आठवड्यात. 14 आणि 21 व्या दिवसासाठी काचा राखून ठेवा.

पुंजक्यांचं कारण बहुधा काचेत आहे. कव्हरस्लिप, म्हणजे पेशी वाढवायची पातळ काच, नुसत्या अल्कोहोलने पुसून भागत नाही. नायट्रिक ॲसिडमध्ये रात्रभर, मग शुद्ध पाण्याने भरपूर धुणं, मग भट्टीत तापवून निर्जंतुक. मग पेशी चिकटाव्यात म्हणून पॉली-एल-लायसिनचा थर: 1 मिलिग्रॅम प्रति मिली, 8.5 पीएचच्या बोरेट बफरमध्ये, रात्रभर. त्यानंतरचं धुणं कधीच उरकून टाकू नका, कारण सुटं राहिलेलं लायसिन पेशींना विषारी आहे. थर नीट बसला नाही की पेशी काचेपेक्षा एकमेकींना धरतात आणि पुंजके होतात.

सायनॅप्स कमी येण्याचं मोठं कारण ॲस्ट्रोसाइट, म्हणजे चेतापेशींना साथ देणाऱ्या ग्लिया पेशींची एक जात, नसणं हे असू शकतं. डोळ्यातल्या शुद्ध चेतापेशींवर हे दाखवलं गेलं आहे: ग्लियाविना त्या जगतात, धागे फेकतात, पण सायनॅप्स सातपटीने कमी करतात. ग्लियातून येणारं थ्रॉम्बोस्पाँडिन हे प्रथिन न मिळणं हे त्यामागचं एक कारण. म्हणून पेशी विरळ पेरणार असाल तर खाली ग्लियाचा थर हवा आणि वर मेणाच्या ठिपक्यांवर उलटी ठेवलेली काच. दाट पेरलं तर सोबत आलेल्या थोड्या ग्लियावर भागतं. ग्लिया फार माजू नये म्हणून तिसऱ्या दिवशी 5 मायक्रोमोलर सायटोसिन ॲराबिनोसाइड (विभागणाऱ्या पेशींना रोखणारं औषध) घालतात. पहिल्याच दिवशी घातलं तर ग्लिया उरतच नाही, आणि तुमच्याकडे तसं झालेलं असण्याची शक्यता आहे.

माध्यम सगळं एकदम बदलू नका, पेशींनी सोडलेले घटक निघून जातात. दर तीनचार दिवसांनी एकतृतीयांश ते अर्धं बदला. जुनं ग्लुटामिन मोडत जातं, ताजं किंवा टिकाऊ रूपातलं वापरा. एप्रिल-मेमध्ये प्लेटच्या कडेच्या खणांतून बाष्पीभवन होतं, क्षार वाढतात आणि पेशींच्या धाग्यांवर मण्यांसारखे फुगवटे येतात. कडेच्या खणांत निर्जंतुक पाणी भरून पेशी आतल्या खणांत ठेवा, इन्क्युबेटरमधलं पाण्याचं ताट रोज पहा.

रंगवताना एकट्या सायनॅप्सिनवर, म्हणजे संदेश सोडणाऱ्या टोकातल्या प्रथिनावर, विसंबू नका. त्याचे ठिपके सायनॅप्स होण्याआधीही धाग्यात गाठोड्यांसारखे ये-जा करत असतात. सोबत पीएसडी-95, म्हणजे पलीकडच्या, संदेश झेलणाऱ्या बाजूचं प्रथिन, घ्या आणि शेजारी-शेजारी बसलेल्या जोड्याच मोजा. पीएसडी-95 च्या बऱ्याच अँटिबॉडी फॉर्मल्डिहाइडने जास्त वेळ पक्क्या केलेल्या पेशींत नीट लागत नाहीत. उणे 20 अंशांचं मिथेनॉल वापरून एक काच करून पहा. पेशीचा गोळा मोजणीतून वगळा, कारण तिथे उंचीमुळे ठिपके एकावर एक येतात. दाट भागात नुसत्या योगायोगानेही जोड्या जुळतात. एका रंगाचं चित्र 90 अंशांत फिरवून पुन्हा मोजा आणि तो आकडा वजा करा. प्राणी समितीच्या परवानगीत गर्भांची संख्या लिहिलेली असते, तेव्हा हे बदल एकेक करून न पाहता एकाच खेपेच्या वेगवेगळ्या काचांवर वाटून घ्या, आणि कोणत्या काचेवर काय केलं ते पेशी पेरतानाच झाकणावर लिहा.